पहिला अर्धा तास

डोळा लागतोय न लागतोय असं चाललंय. रविवारची दुपार आहे, पंखा गरम हवाच खाली ढकलतोय आणि माझ्या कानात घोरपडे साहेब बोलतायत, "मॅडम, ते पहिल्या अर्ध्या तासाचं नक्की ना?" तुम्हाला सांगते, हा एक प्रश्न ऐकून ऐकून मला वीट आलाय. सकाळीही त्यांचा फोन येऊन गेला. मी म्हटलं, नक्की. कसलं नक्की आणि काय नक्की, माझं मला माहीत नाही.

झालंय असं. मी आणि उज्ज्वला खैरनार, आम्ही दोघींनी नोकऱ्या सोडल्या आणि कंपन्यांसाठी कार्यशाळा भरवायचा धंदा काढला. सुपरवायझर लोकांना कामगारांशी नीट बोलायला शिकवायचं, दोन खात्यांची जुनी भांडणं मिटवायची, असलं काम. हॉल, जेवण, सामान सगळं माझ्याकडे, आणि बोलायचं तिनं. नाशिकमध्ये पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते अंबडची एक पंप बनवणारी कंपनी. तिथले घोरपडे म्हणाले, सगळे येतात आणि तेच ते फुगे फोडायला लावतात, कागदी कपांचे मनोरे रचायला लावतात, आमची माणसं मोबाईल बघत बसतात. तुमच्याकडे नवीन काय आहे? उज्ज्वलानं पायावर पाय टाकला आणि म्हणाली, "आमचा पहिला अर्धा तास असा असतो की एकाचाही हात खिशाकडे जात नाही. काय ते आत्ता सांगणार नाही."

काम मिळालं. जिना उतरताना मी विचारलं, काय गं ते? तर म्हणाली, सांगते सावकाश. मग तिला डेंग्यू झाला आणि आठवडा संपायच्या आत ती गेली.

उद्या ती कार्यशाळा आहे. हे काम हातचं गेलं तर आमचा धंदा सुरू व्हायच्या आधीच आटोपला, आणि या वयात मला परत नोकरी कोण देणार? मी काय काय नाही केलं. दहाव्याच्या दिवशी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, उज्ज्वला तुमच्याशी कधी पहिल्या अर्ध्या तासाबद्दल बोलली होती का हो? तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लाज वाटली मला. मला तिची फार आठवण येते, आणि त्याच वेळी तिचा भयंकर राग येतो. दोन्ही एकदम आलं की धड रडताही येत नाही.

पंखा थांबतो. लाईट गेली असणार, पण उकडत नाही.

पलंगाच्या पायथ्याशी उज्ज्वला बसलीये आणि शेंगा फोडून खातेय. टरफलं सगळी माझ्या चादरीवर.

"झोपलीस काय गं?" ती म्हणते. "उद्या कार्यशाळा ना आपली?"

ती गेलीये हे मला माहीत आहे. अमरधाममध्ये मी स्वतः उभी होते. पण आत्ता त्याचं काही वाटत नाही. आत्ता एवढंच वाटतं की सापडली एकदाची, आता सोडायची नाही.

"उजे, पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते सांग."

"शेंगा खारट निघाल्या," ती म्हणते.

मी चादर झटकून उठते तर पायाखाली रस्त्याची खडी आहे. आम्ही कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर उभ्या आहोत. चहावाला आमच्याकडे पाठ करून काहीतरी उकळतोय आणि त्याच्या मागच्या फळीवर कपबशांऐवजी आमच्या घरातली भांडी लावलीयेत, आईचं नाव घातलेली. ग्लास रिकामाच हातात येतो, पण त्यातून वाफ निघते. उज्ज्वला तो रिकामा ग्लास फुर्रकन पिते आणि चहावाल्याकडे त्याच्या जावयाची चौकशी करते. नोकरी लागली का, दारू सुटली का, मुलगी नांदायला गेली का. जिवंत असतानाही ती हेच करायची. कुठेही गेली की समोरच्याचं सगळं घरदार विचारून घ्यायची आणि मी बाजूला घड्याळ बघत उभी. मी तिची बाही ओढते, म्हणते, तो जावई मरू दे, माझ्याशी बोल. ती म्हणते, दम धर की जरा. मी म्हणते, दमच धरून बसलेय, तू गेल्यापासून दुसरं काय करतेय?

चहावाला वळून बघत नाही. वळला तर त्याला तोंड नसेल असं मला उगाच वाटतं, म्हणून मीच मान फिरवते.

मान फिरवते तर समोर कंपनीचा हॉल आहे. सगळे सुपरवायझर येऊन बसलेत. निळे शर्ट, खाली घातलेल्या माना आणि प्रत्येकाच्या तोंडावर मोबाईलचा उजेड. हॉलच्या एका टोकाला उज्ज्वलाच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे, त्यावर कुकर चढवलाय आणि ती गॅस बारीक करतेय. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. घोरपडे दारात उभे राहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटतायत.

"उजे, ते आले सगळे. काय करू?"

"डाळ शिजू दे. अजून एक शिट्टी."

मी खूप सांभाळून घेतलंय तुम्हाला सांगते. ती होती तोवरही सांभाळून घेतलं. हिनं शब्द द्यायचे आणि मी ते निस्तरत फिरायचं. पण त्या शिट्टीचं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी त्या भरल्या हॉलमध्ये ओरडते, "मरायचंच होतं तर निदान सांगून मरायचंस! मला इथं वाऱ्यावर सोडून कसली डाळ शिजवतेस?"

एकेक मान वर होते. मोबाईलचे उजेड विझत जातात आणि सगळी निळी माणसं माझ्याकडे बघायला लागतात.

उज्ज्वला पदराला हात पुसत येते. मघापासून पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट बघते.

"काहीच नव्हतं गं," ती म्हणते.

"म्हणजे?"

"म्हणजे कसला अर्धा तास नि काय. तो माणूस उठायला लागला होता. पहिलंच काम, तेही हातचं जाणार. मग दिली एक पुडी सोडून. म्हटलं, नंतर दोघी बसून काढू काहीतरी."

नसलेली गोष्ट मी तिच्या नवऱ्यापाशी शोधली, तिच्या बहिणीला विचारली, रात्र रात्र आठवत बसले की बाई कधी काही बोलली होती का.

"मला तरी खरं सांगायचंस."

"तुला? तू जिन्यातूनच परत वर गेली असतीस, त्यांना खरं काय ते सांगायला."

हे मात्र बरोबर आहे. गेलेच असते. मला हसू येतं, आणि हसू आलं म्हणून अजूनच राग येतो.

"मग आता काय सांगू यांना?"

ती माझं मनगट धरते, चांगलं घट्ट, आणि ओढत मला त्या निळ्या माणसांच्या पुढे नेऊन उभी करते. "बघतायत ना तुझ्याकडे? मग बोल."

मी तोंड उघडते. कुकरची शिट्टी होते आणि होतच राहते.

फोन वाजतोय. पंखा चालू आहे, मान घामानं भिजलीये, चादरीवर एकही टरफल नाही. फोन घ्यायला हात पुढे करते तर मनगटावर नखं रुतल्याच्या खुणा, लालभडक, ओळीनं. मी स्वतःची नखं बघते. माझी नखं मी मुळापासून कापते, कायमच. नखं वाढवायची हौस तिला होती.

"मॅडम," घोरपडे म्हणतात, "आमच्या मोठ्या साहेबांनीही विचारलं हो. ते पहिल्या अर्ध्या तासाचं..."

"तसं काही नाहीये, साहेब. कधीच नव्हतं. उज्ज्वलानं काम मिळावं म्हणून थाप मारली होती, मला आत्ता कळलं." कुठून कळलं, ते विचारत नाहीत. मी बोलतच राहते, थांबले तर अवसान जाईल. "उद्या मी तुमच्या माणसांना हेच सांगणार आहे. माझी भागीदार खोटं बोलली, मग ती मेली, आणि तेव्हापासून मी तिच्याशी भांडतेय. एवढं सांगून विचारणार, तुमचं कोणाशी भांडायचं राहिलंय? मग त्यांना बोलू देणार. माझ्याकडे एवढंच आहे. नको असेल तर आत्ताच सांगा."

गेलं काम, मला वाटतं.

मग ते घसा खाकरतात. "मॅडम, खुर्च्या ओळीत लावायला सांगू, का गोल?"

"गोल," मी मनगट चोळत म्हणते.