कार्ड कोणी नेलं?

मैत्रिणींनो, मेसच्या फळ्यावरचा हा कागद लगेच काढू नका.

आज माझ्या नव्या रूममेटला, काटोलच्या शकूला, विद्यापीठाच्या लायब्ररीत नेलं. तिला वनस्पतिशास्त्राचं पुस्तक हवं होतं. मीही गेल्या वर्षी तेच वापरलं होतं, पण नंबर काही आठवेना. तिथे ड्रॉवरमधल्या कार्डावरून नंबर उतरवून चिठ्ठी दिली, की काउंटरवरचे काका आतून पुस्तक आणून देतात. तीन ड्रॉवर दोनदा चाळले. कार्डच नाही!

काका म्हणाले, "पुस्तक आतच आहे. पण नंबराशिवाय मले कसं सापडंन वं? कार्डंच काढून नेतात पोरी."

"काहून नेतात पण?" शकूने विचारलं.

काकांनी पुढच्या मुलीची चिठ्ठी घेतली. आम्ही पाय ओढत परत आलो.

संतापून हे लिहायला बसले. कागदासाठी जुनी वही उघडली, तर त्यात खुणेला तेच कार्ड! गेल्या वर्षी नंबर उतरवताना पेनातली शाई संपली होती, म्हणून मीच ते काढून काउंटरवर नेलं होतं आणि परत ठेवायचं विसरले होते.

उद्या परत ठेवते. शकूला अजून सांगितलेलं नाही. जेवायला येईल तेव्हा तीही इथेच वाचेल.

तुमच्या वह्यांत कुठल्या पुस्तकाचं कार्ड आहे?