गार चेंडू

वसईत गोल्फ खेळतो म्हटलं की माझे पुण्याचे नातेवाईक आधी एकमेकांकडे बघतात आणि मग हसतात. हसू देत. त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी, बॅटरीवरची गाडी आणि मागून पिशवी वाहणारा माणूस असतो. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. चिंचोटीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका रिसॉर्टवाल्याने नऊ होलचं छोटंसं मैदान केलं होतं. पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा आणि एरवी त्यावर आमच्याइतकाच शेजारच्या म्हशींचा हक्क असायचा. खुराच्या खड्ड्यात चेंडू अडकला तर उचलून बाजूला ठेवायचा, हा आमचा खास नियम. तो दुसऱ्या कुठल्या मैदानावर असेल असं वाटत नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात भरलं माझ्या मित्राने. त्याचं नाव लिहीत नाही. हे वाचलं तर त्याला कळेलच. जुन्या वसईकर ख्रिस्ती घरातला माणूस, केळी-नारळाची वाडी, मोठी विहीर. बरीच वर्षं आखातात नोकरी करून परतला तो गोल्फच्या स्टिकांची एक जड पिशवी घेऊन. मी बँकेतला. त्याच्या वाडीला लागून असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच रविवारी त्याच्याकडे केळी आणायला गेलो. नारळांच्या दोन रांगांमधून तो एकटाच चेंडू मारत होता. मी हसलो म्हणून त्याने स्टिक माझ्या हातात दिली. मी मारलेला चेंडू विहिरीत गेला. त्या दिवसापासून आमची मैत्री.

घरच्यांशी तो त्याच्या बोलीत बोलायचा, ती मला अजूनही निम्मीच कळते. माझ्याशी मात्र शाळेत शिकल्यासारखं स्वच्छ मराठी. रोज संध्याकाळी मी त्याच्या वाडीत जाऊन बसायचो. तिथेच आमचं एक ठरलं होतं. कधीतरी खऱ्या, अठरा होलच्या मोठ्या मैदानावर दोघांनी एकत्र उभं राहायचं. त्यासाठी त्याने दोन निळ्या टोप्या आणून ठेवल्या होत्या, एक त्याला आणि एक मला. म्हातारपणी माणसं काशीला जायचं ठरवतात, तसं आम्ही हे ठरवलं होतं.

हळूहळू माणसं जमली. त्याचे वाडीवाले भाऊबंद, आमच्या इमारतीतले दोघे-तिघे, एक निवृत्त हेडबाई, पुढे एक तरुण दातांचा डॉक्टर. सगळे त्याला लीग म्हणायचे. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणंही बेताचीच. वर्षाची मोठी सहल ईस्टरनंतरच्या रविवारी, कारण तोवर उपास संपलेले असायचे आणि वहिनींना, म्हणजे मित्राच्या बायकोला, पोर्कचं आंबट-तिखट इंदेल करायची मोकळीक असायची. आम्हा फ्लॅटवाल्यांकडे बटाटेवडे.

टीम कशा पाडायच्या याची आमची एक पद्धत होती. कुणी कुणाला निवडायचं नाही. निवडलं की रुसवेफुगवे आले. प्रत्येकाने आपल्या चेंडूवर स्केचपेनने खूण करायची आणि शनिवारी संध्याकाळी तो मित्राच्या पडवीतल्या टोपलीत टाकून यायचा. माझी खूण लाल आंबा. रविवारी मैदानावर वहिनी आपल्या ओढणीने मित्राचे डोळे बांधायच्या आणि तो टोपलीतून एकेक चेंडू काढायचा. चार चेंडू, एक टीम. पुढचे चार, पुढची टीम. त्याचा स्वतःचा चेंडूही त्यातच असायचा.

आणि इतकी वर्षं, दर वर्षी, त्याचा आणि माझा चेंडू एकाच टीममध्ये यायचा. कधी पहिल्या चारांत, कधी शेवटच्या. लोक चिडवायचे, लग्नाच्या गाठीसुद्धा इतक्या पक्क्या नसतात म्हणायचे. मी घरी येऊन बायकोला सांगायचो की वरच्यानेच जोडी लावलीय, आमच्या देवाने लावली की त्यांच्या, तेवढंच काय ते कळायचंय. मला खरंच तसं वाटायचं. निवृत्त झालेल्या माणसाच्या बाजूने नशीब फारसं कुठे उभं राहत नाही. इथे ते उभं राहायचं, म्हणून मी त्या नशिबाला जपायचो.

गेल्या वर्षीच्या सहलीआधीच्या दिवाळीत माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. मित्र दर आठवड्याला त्याच्या गाडीतून मला व्यायामाला न्यायचा. फिजिओथेरपीवाली बाई हात वर करायला लावायची आणि हा बाजूच्या खुर्चीत बसून म्हणायचा, अजून थोडा, अजून थोडा. माझा हात किती वर जातो हे माझ्या बायकोपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

ईस्टर जवळ आला तशी बातमी आली. पुण्याकडच्या एका मोठ्या क्लबात डॉक्टरची ओळख निघाली. आमची जी टीम जिंकेल, तिला त्यांनी एक दिवस खेळायला बोलावलं. अठरा होल. ऐकून मी कपाटातली निळी टोपी काढून उन्हात टाकली.

पण मनात धाकधूक होती. आमच्या खेळात चौघांनी मारायचं, त्यातला चांगला पडलेला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच मारायचा. असं असलं की कच्चा माणूस झाकला जातो. म्हणून लीगने आणखी एक नियम केला होता की प्रत्येकाचा चेंडू दोनदा तरी निवडला गेलाच पाहिजे. म्हणजे माझ्या खांद्याचे ते दोन फटके टीमला पोटात घालावे लागणार होते. शनिवारी चेंडू टाकायला गेलो तेव्हा मी मित्राला म्हटलंसुद्धा, या वर्षी मी तुझ्या टीममध्ये आलो तर तुझं नुकसान आहे. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि टोपलीकडे बोट दाखवलं. "माझ्या हातात काय आहे? तिच्या हातात आहे."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे मैदानावर येईपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. टोपली गाडीच्या मागच्या काचेशी ठेवलेली. मित्राने आधी त्याची थर्माकोलची पेटी उतरवली. ही पेटी एरवी अर्नाळ्याहून मासळी आणायची. सहलीच्या दिवशी धुऊन तिच्यात बर्फ, सोडा आणि बियर. कितीही धुतली तरी तिचा बोंबलांचा वास जात नसे. मग गाडीच्या मागे जाऊन त्याने टोपली हलवून आणली, वहिनींनी डोळे बांधले, आणि चेंडू निघू लागले.

माझा दुसराच निघाला. मी पुढे होऊन घेतला. काचेतून तापून तो नुकत्याच उकडलेल्या अंड्यासारखा झाला होता. माझ्यामागून हेडबाई आल्या, मग आमच्या इमारतीतले एक गृहस्थ. चार झाले. मित्राचा चेंडू त्यात नव्हता. सगळ्यांनी हळहळून आवाज काढला, मीही हसलो. एवढी वर्षं लाभलं, एकदा नाही लाभलं, असं स्वतःला समजावत होतो.

तिसऱ्या टीममध्ये मित्र आला. त्याच्यासोबत डॉक्टर आणि वाडीवाल्यांतले दोन सर्वांत तगडे खेळाडू. डॉक्टर आपला चेंडू झेलायला गेला, पण तो सुटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. मी वाकून उचलला.

तो गार होता. नुसता गार नाही, बर्फातून काढलेला. वर पाण्याचे थेंब साचलेले आणि त्याला बोंबलांचा बारीक वास.

मी तसाच मित्राजवळ गेलो, अभिनंदन म्हणत त्याच्या हातातला त्याचा चेंडू घेतला. तोही गार. डोळे बांधले तरी बोटांना गार-गरम कळतंच. ओढणी अजून त्याच्या कपाळावर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि पटकन वहिनींना हाक मारून बियर मागितली.

पुढचा खेळ कसा झाला ते मला नीट आठवत नाही. हेडबाईंनी मला दोन-तीनदा विचारलं, खांदा दुखतोय का. मी हो म्हटलं. मला राग आला होता. बाहेर ठेवायचं होतं तर सरळ सांगायचं होतं. वाडीत येऊन, केळीच्या घडाशेजारी उभं राहून म्हणायचं होतं, बाबा रे, या खेपेला तू नको. मी चरफडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी चहाला गेलो असतो. पण माझ्या पाठीवर थाप मारून टोपलीच्या नावाने शपथ खायची, हे मला गिळता येत नव्हतं. व्यायामाच्या त्या खुर्चीत बसून तो माझा हात वर जातोय ते बघत होता, की किती जात नाही ते मोजत होता, असंही मनात येऊन गेलं. असं मनात येणं हेच मला सर्वांत वाईट वाटलं.

त्याची टीम जिंकली. जेवताना तो ताट घेऊन माझ्या शेजारी आला. वहिनींनी माझ्यासाठी वेगळं केलेलं चिकन त्यानेच वाढलं.

मी हळूच म्हटलं, "या वर्षी माझा चेंडू गरम होता."

त्याने माझ्या ताटात चिकनचा आणखी एक तुकडा वाढला. मग अगदी मऊ आवाजात, माझी समजूत काढावी तसा म्हणाला, "अरे, एवढी वर्षं तुझाच तर गार असायचा."

आणि मला आठवलं. दर वर्षी माझा चेंडू हातात येताच मी म्हणायचो, काय गार लागतोय, आणि तो म्हणायचा, तुझेच हात तापलेत. तो वास मी त्याच्या हातांचा समजत होतो. त्याला वाटलं, हे सांगून तो माझं दुःख हलकं करतोय. मला मात्र एका दुपारी दोन गोष्टी गेल्यासारखं झालं. ते मोठं मैदान गेलंच, आणि मागची सगळी वर्षंही गेली. ज्याला मी नशीब म्हणत होतो ती त्याची मर्जी होती, आणि मर्जी संपू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते चौघे मोठ्या मैदानावर जाऊन आले. मोबाइलवर फोटो आला. हिरवळ इतकी सपाट की खोटी वाटावी, आणि मित्राच्या डोक्यावर निळी टोपी. मी अंगठा पाठवला. आमचं येणं-जाणं तुटलं नाही. केळी येत राहिली, बायको रिकाम्या पिशवीतून काही ना काही परत पाठवत राहिली. फक्त संध्याकाळी वाडीत जाणं मी बंद केलं, आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

या वर्षी शनिवारी मी चेंडू टाकायला गेलो नाही. मित्रच आमचा जिना चढून आला. मी आतल्या खोलीत होतो. बायकोने खूण केलेला चेंडू शोधून त्याच्या हातात ठेवला आणि मला म्हणाली, आता तरी पुरे करा.

रविवारी गेलो. खांदा आता बरा आहे. ओढणी बांधली, टोपली आली. पहिला चेंडू त्याचा स्वतःचा, दुसरा वहिनींच्या भावाचा, आणि तिसरा लाल आंबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोडी परत जमली म्हणून कुणी शिट्टीही मारली. मी पुढे होऊन चेंडू घेतला.

गार होता. थेंब साचलेले. माफी मागायची त्याची ही रीत होती, हे मला कळत होतं, आणि एके काळी याच गारव्याने मी वर्षभर खूश राहिलो होतो. पण आता मला ते नको होतं. मी मूठ मिटली आणि तिथेच उभा राहिलो. टाळ्या थांबल्या. डोळे बांधलेला तो, काय झालं, काय झालं, असं विचारत होता. त्या उन्हातही मुठीतला गारवा जायला बराच वेळ लागला. चेंडू माझ्या हाताइतका गरम झाला तेव्हा मी तो टोपलीत टाकला, टोपली स्वतः हलवली, आणि त्याच्यापुढे धरून म्हटलं, "आता काढ."