पाकिटावरची बाई आणि तिची बादली

सूपच्या जाहिरातीत सूप कोणी पीत नाही, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं. टेबलावरचा वाडगा नुसता दाखवायचा होता. त्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे गाजराचे तुकडे वर राहावेत. कडेला भांडी घासायच्या साबणाचे बुडबुडे होते. वाफ मागून येत होती, कपड्यांच्या इस्त्रीची. तोंडात घ्यायचं सूप वेगळ्या पातेल्यात होतं. ते खरं होतं, कोमट होतं आणि त्यावर जाड साय धरली होती.

चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, तृप्त व्हायचं आणि फोटोग्राफर ‘झालं’ म्हणाला की टेबलाखालच्या बादलीत थुंकायचं. गिळत राहिलं तर थोड्या वेळाने मळमळायला लागतं आणि चेहरा कामातून जातो, असं त्याने आधीच बजावलं होतं. नवरा झालेला नट, मुलगी झालेली कॉलेजकन्या आणि आई झालेली ती, अशा तिघांत बादली एकच. दुपारपर्यंत ती अर्धी भरली. दिव्यांच्या धगीने वर फेस आला. नवरा झालेल्या नटाला पान-तंबाखूचं व्यसन नव्हतं, पण सर्दी होती.

थुंकी तिला नवी नव्हती. उभी हयात तिने दातांच्या दवाखान्यात काढली होती, डॉक्टरांच्या हाताखाली. खुर्चीशेजारच्या लहानशा बेसिनात लोक रक्त, लाळ, कधी दाताचा तुकडा टाकत आणि ती ‘मान पुढे, थुंका, पुसा’ म्हणत कागदी रुमाल पुढे करी. घरचे तिला बत्तिशी म्हणत. आपल्याला आता कशाचीच किळस येत नाही असा तिचा समज होता. पण दवाखान्यात पाणी सतत वाहत असे. घाण आली की गेली. इथे ती साचत होती, आणि तिच्यात आपलाही वाटा होता.

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा दवाखाना एका तरुण डॉक्टरने घेतला. त्याला समोर बसायला चुणचुणीत कोणीतरी हवं होतं. एक जुनी पेशंट जाहिरातींसाठी माणसं पुरवायची. ती म्हणाली, “ताई, तुमचा चेहरा सून घाबरणार नाही अशा सासूचा आहे. त्याला मागणी असते.” लग्न न केलेल्या बाईला हे ऐकून हसू आलं. तरी ती गेली. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

निवडीच्या वेळी तिला दिव्याखाली उभं केलं आणि दोन पोरसवदा माणसं तिच्यादेखत बोलू लागली.

“मान चालेल?”

“मान स्कार्फमध्ये जाईल.”

“आणि हात?”

“हात फार म्हातारे आहेत. हात दुसरीचे घेऊ.”

बाजारात भाजी निवडतानाही लोक याहून हळू बोलतात. मग रंगवणाऱ्या मुलीने सकाळपासून सगळ्यांच्या तोंडावरून फिरलेला स्पंज तिच्या गालावर दाबला. त्याला कुणाच्या तरी घामाचा आणि कुणाच्या तरी नाश्त्याचा वास होता.

तिचं नशीब उघडलं ते बादलीमुळेच. बाकीच्यांची लाळ हनुवटीवर ओघळे, ओठांचा रंग पसरे, मग पुन्हा रंगवारंगवी. ती मात्र मान किंचित वळवी, ओठ गोल करी आणि एका धारेत मोकळी होई. ओठांचा रंग जागच्या जागी, चेहरा तसाच तृप्त. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, थुंकावं तर तुम्ही.” सूपनंतर बिस्किटं आली, चटण्या आल्या, लोणी आलं. भाऊ म्हणाला, “आमच्या घराण्यात थुंकून नाव काढलेली ही पहिलीच.”

तिचा फोटो छापलेली सूपची पाकिटं दुकानात आली आणि आईने खिडकीच्या फळीवर रिकामी पाकिटं ओळीने मांडली. आई भावाकडे राहायची. हृदय थकलेलं, मीठ वर्ज्य, दोन वर्षं सगळं अळणी उकडलेलं. थोड्याच दिवसांत वहिनीचा फोन आला.

“वन्सं, आईंचे पाय बघायला या. बोट दाबलं की खड्डा पडतोय.”

“मीठ देतेस का?”

“मी कशाला देऊ? तुमचं सूप देतंय. दिवसाला तीन वाडगे. मी लपवते, त्या शेजारणीकडून मागवतात. काही बोलायला गेलं की पाकीट दाखवतात.”

ती गेली. पाय पावासारखे फुगले होते, कातडी चकाकत होती. असंच चाललं तर पाणी छातीत जाईल, असं आईचे डॉक्टर म्हणाले होते.

“आई, सूप बंद.”

“का म्हणून? तू पितेस ना?” आईने पाकीट पुढे केलं. “बघ, कशी मिटक्या मारत पितेयस.”

“मी पीत नाही. थुंकते.”

“चल. माझ्या जिवासाठी खोटं बोलतेयस. माझी लेक नको त्या वस्तूला तोंड दाखवणार नाही.”

दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, “सांगा आता.”

सांगून पटणारं नव्हतं. खरं तर आईला ते पटू नये असंच आजवर तिला वाटत होतं. या घरात तिचं कौतुक करणारं माणूस एकच, आणि त्याच्यासमोर हे करायचं. पण पाय डोळ्यांपुढे होते. तिने सूप केलं, मोरीतलं प्लास्टिकचं टमरेल आणलं आणि आईच्या समोर बसली. चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. पाकिटावरचा चेहरा केला. मग मान वळवली आणि टमरेलात थुंकली.

आईने आधी पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग टमरेलात.

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं.

“चव लागते?”

“लागते की. तोंडात तर घेतलंच.”

“मीठ लागतं?”

“तेच तर लागतं.”

आईने चमच्यासाठी हात पुढे केला.

तिला वाटलं होतं, आई दुखावेल, निदान तोंड फिरवेल. आईचं लक्ष वाडग्याकडे होतं. दोन वर्षांत त्या डोळ्यांत अशी हाव तिने पाहिली नव्हती, आणि ती पाहून तिला खऱ्या अर्थाने शिसारी आली. त्या तीन वाडग्यांत लेकीचं कौतुक किती आणि मिठाची ओढ किती, हे आता कोण सांगणार? तरी तिचा हात सवयीने आईच्या मानेमागे गेला.

“गिळायचं नाही. मान पुढे. ओठ गोल. थुंका.”

ती आईला दवाखान्यातल्या आवाजात अहो-जाहो करत होती. पहिला घोट पदरावर सांडला. दुसऱ्याबरोबर कवळी सुटली आणि टमरेलात पडली. वहिनी ‘शी’ म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली. तिने कवळी दोन बोटांनी काढली, धुतली, परत बसवली.

“लागलं बाई मीठ,” आई म्हणाली.

आईच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. “रोज चार चमचे, वर एक नाही. घोटभरही पोटात जाता कामा नये. आणि हे मला पुन्हा सांगू नका.” महिन्याभरात पायांवरची सूज उतरली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी भावाकडे जाते. “मी त्या टमरेलाला हात लावणार नाही, वन्सं,” असं वहिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आहे, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नाही. स्टुडिओतली बादली शूटिंग संपल्यावर कोणीतरी उचलून नेतं. कोण, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता मात्र तिचं लक्ष जातं. इथे उचलणारी तीच. तळाशी पिवळट तवंग असतो, लाळेच्या तारा असतात, हिरड्यांनी चेपलेला गाजराचा तुकडा असतो. ती श्वास रोखून ते ओतते, घासते आणि टमरेल उपडं घालते. हात दोनदा धुतले तरी वास जात नाही. हे हात फोटोत येत नाहीत, तेवढंच बरं.

“टोमॅटोचं कधी येणार गं?” आतून आईचा आवाज येतो.

“पुढच्या आठवड्यात शूटिंग आहे.”

“मग आधी सांगून ठेव त्यांना. मीठ असू दे म्हणावं.”