गाळखण्याची चव

चहा ओता, पण माझं सांगून होईपर्यंत कुणी घोट घेऊ नका, नाकातून बाहेर येईल! एका प्राण्यापायी माझं आणि सायलीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती. आणि गंमत म्हणजे तो प्राणी जगात नाहीच!

मला एक नाद आहे. माणसं संपल्यावर, लाखो वर्षांनी, कुठले प्राणी असतील त्यांची चित्रं काढायची. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे गाळखण्या. पोयसर नदीत राहणारा, आजच्या खाडीतल्या निवटी माशाचा लांबचा वंशज. पुढचे पाय खोऱ्यासारखे, डोळे गायब, सगळं अंग गाळात आणि श्वास घ्यायला फक्त शेपटी वर! आहे की नाही झकास?

तर सायलीच्या घरी पहिल्यांदाच गेलो होतो. ती कांदिवलीची, मालवणी. मी मुलुंडचा, ज्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही असा. तिचे बाबा काही बोलेचनात. मी घाबरून मोबाइलवर गाळखण्याचं चित्र दाखवलं आणि सुटलोच! बीळ कसं खणतो, पिल्लं कुठे लपवतो... बाबांचे डोळे चमकले.

“खय गावता ह्यो?”

“इथेच, पोयसर नदीत!”

“आणि चवीक कसो?”

आता इथे सांगायचं ना, की बाबा, हा माझ्या डोक्यातला प्राणी आहे? पण तो माणूस पहिल्यांदाच हसला होता हो! मी म्हणालो, “एक नंबर! तळला तर विचारूच नका.”

सायलीनं टेबलाखालून लाथ मारली. मला वाटलं, शाबासकी!

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “अरे येड्या, बाबा पिशवी घेऊन अख्खा मासळीबाजार फिरले! कोळणी हसतायत त्यांना. सोमवारी तुला जेवायला बोलावलंय. तेव्हा खरं सांग, नाहीतर लग्नाची वाट लागली म्हणून समज.”

सोमवारी वाक्य पाठ करून गेलो. टेकतो न टेकतो तोच ताट समोर. ताटात रव्यात तळलेले कुरकुरीत काप! माझ्या अंगावर काटाच आला. मिळाला? खरंच मिळाला? माझा गाळखण्या? आईशप्पथ, त्या क्षणी माझाच माझ्या थापेवर विश्वास बसला! जन्मात मासा न खाल्लेल्या मी आनंदानं तुकडा तोंडात टाकला.

“बाबा, हाच तो! अगदी तीच चव! हा पायाजवळचा भाग बरं का, इथे काटा नसतोच!”

सायलीनं कपाळावर हात मारला.

तिची आई हळूच म्हणाली, “अरे झिला, सुरण आसा तो. आज सोमवार. सोमवारी आमच्याकडे मासे रांदणत नाय.”

सुरण! माझ्या आईनं मला लहानपणापासून खाऊ घातलेला सुरण! मग काय, मान खाली घालून सगळं भडाभडा सांगून टाकलं. नदी खरी, प्राणी खोटा, चव तर त्याहून खोटी.

बाबा सायलीकडे वळले.

“ह्येका खोटा बोलूक येणाच नाय गो. जावई म्हणान चलतलो.”