विळीचा ठोकळा

ये गो बाय, अशी जवळ सरक. माझा आवाज आता लांब पोचत नाही, आणि हे मोठ्याने बोलण्यासारखंही नाही. आधी तुला जरा ओरडून घेते. फोनवर फोटो बघितलास नि लगेच अंगठा दाखवून मोकळी झालीस. वर लिहिलंस, ‘मावशी, कित्ती सुंदर! आईची विळी आमच्या माळ्यावर नुसती पडून आहे. दादाला सांग ना, तिचा मलाही अस्साच सुऱ्यांचा ठोकळा करून दे.’ मावशीचा गुडघा कसा आहे, डोळ्यांना दिसतं का, काही विचारलं नाहीस. मागितलंस काय, तर हे! शहाणी गो माझी. आता गप बस आणि तो ठोकळा कसा झाला ते ऐक.

तुझ्या आईची विळी आणि माझी विळी एकाच फणसाची, हे तुला कुणी सांगितलं होतं का? बुरोंडीला आमच्या माहेरी विहिरीपाशी कापा फणस होता. वादळात आडवा झाला, तेव्हा बाबांनी त्याचं लाकूड पडवीत रचून वाळवलं आणि आम्हा दोघी बहिणींना लग्नात एकेक विळी करून दिली. रुंद पाट, उभं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायचं चक्र. मासे मारणाऱ्याच्या घरात पोरीला द्यायला दुसरं होतं काय? बाबा म्हणाले, ‘दागिना सासरचे मोडून खातील. धार कोण खाणार?’

त्या पाटावर मी जन्म काढला. माझ्या बसण्याने त्याला खळगा पडला होता. एका कोपऱ्यात काळा डाग होता. तुझा दादा, माझा लेक, रांगत चुलीकडे निघाला, तेव्हा त्याला उचलायच्या घाईत मी तापलेली कढई पाटावरच टेकवली, तो डाग. लक्षात ठेव तो.

दादा मुंबईची नोकरी संपवून बायकोला घेऊन गावी आला. आल्या आल्या स्वयंपाकघर फोडलं आणि उभ्याचा ओटा केला. नेमका तेव्हाच माझा गुडघा बसला. डॉक्टर म्हणाला, आजी, जमिनीवर बसायचं नाही. सुनेला तेवढं एक वाक्य पुरलं. जमिनीवर बसायचं नाही म्हणजे स्वयंपाकघरात यायचंच नाही, असा तिने अर्थ लावला.

‘आई, तुम्ही आता आराम करायचा.’

आराम म्हणजे पडवीतली प्लास्टिकची खुर्ची. सोलायला लसूण नाहीतर वाल. कधी काकडी चिरायला दिलीच, तर वाढदिवसाच्या केकबरोबर येते ना, ती पांढरी प्लास्टिकची सुरी. मासळीची पिशवी माझ्या नाकासमोरून आत जायची, आणि आतून असे आवाज यायचे की ही बांगडा साफ करते की उशी फाडते, कळू नये. एकदा न राहवून म्हटलं, ‘अगो, पित्त फुटलं वाटतं. कालवण कडू होईल.’

‘अय्या, पडवीतून चवही कळते का तुम्हाला?’ ती म्हणाली. आणि दादा हसला. तिचं बोलणं मी विसरले असते गो. पण तो हसला.

वैशाखात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन दापोलीला झालं. गाडीचे धक्के नकोत म्हणून मी तिथेच नणंदेकडे राहिले. इकडे दादाला हात शिवशिवायला लागले. फोनवर कुणाकुणाचं बघून त्याने सुऱ्यांचा ठोकळा करायला घेतला. लाकूड हवं मुरलेलं, ताजं चालत नाही. घरात मुरलेलं लाकूड दोनच, एक मी आणि एक माझी विळी.

त्याने पातं उपटलं. करवतीने पाटाच्या पट्ट्या पाडल्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन्ही कडांना सुरीच्या पात्याएवढी जाड लाकडाची चीप घालायची, मधली फट सुरीची, गम लावायचा, पुन्हा पट्टी, पुन्हा चीप. दाबायला शिकंजा नव्हता, तर माझा पाटा-वरवंटा वर ठेवला. सुकल्यावर खालून तिरपं कापलं, म्हणजे सुऱ्यांच्या मुठी आपल्याकडे झुकतात. मग घासून, तेल पाजून तुळतुळीत केला. काम वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू?

मी घरी आले. दादा म्हणतो, ‘आई, डोळे मीट.’ कालपरवा उघडलेले डोळे, ते मीट! मीटले. सुनेने ठोकळा सुऱ्यांसकट माझ्या हातात दिला. आपल्यात धारेची वस्तू कुणी हातात देतं का गो? खाली ठेवायची, घेणारीने उचलायची, नाहीतर दोघींचं फाटतं. तिने हातातच दिला.

‘ओळख बघू, कशाचा?’

नव्या डोळ्यांनी पहिलं धड काय बघितलं असेन, तर तो डाग. अर्धाच. करवत त्याच्या मधून गेली होती.

‘तुझीच विळी!’ दादा म्हणाला. ‘म्हटलं, बसता तर येत नाही हिला, निदान डोळ्यासमोर राहील.’

‘नाहीतर वाळवीनेच खाल्ली असती,’ सून म्हणाली. ‘ह्यांनी तिचं सोनं केलं.’

‘आणि पातं?’

‘ते बांबूला बांधलंय. केळीची पानं काढायला मस्त झालं.’

रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करतात, बघितलंयस? ती बिचारी ते चाटते आणि पान्हा सोडते. मीही चाटलं. म्हटलं, ‘छान झालाय हो.’

दादाने सुरी आत-बाहेर करून दाखवली. ‘बघ, हलते का? केसाएवढी फट नाही.’

फट नव्हती, हे खरंच. आमचे बाबा दार बसवताना सांगायचे, वैशाखात लाकूडकाम कराल तर पावसाची फट ठेवा, नाहीतर आषाढात दाराबाहेर निजाल. आपल्याकडच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण दादाचा जन्म गेला मुंबईच्या लोखंडी कपाटांत. मी त्या चिरा पुन्हा एकदा नीट बघितल्या आणि म्हटलं, ‘नाही हो हलत. अगदी घट्ट आहे.’

आखाडातला रविवार. व्याही-विहीण कोंबडी-वडे खायला आले होते. बाहेर पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. सुनेने आदल्या दिवशी सुऱ्या धुऊन ओल्याच खुपसल्या होत्या. मी पडवीत लसूण सोलत होते.

‘अहो, ही निघत नाहीये.’

‘दुसरी काढ.’

‘दुसरीही नाही निघत. एकही नाही!’

‘जोर लाव ना.’

‘तुम्ही लावा. केलाय कुणी?’

दादाने जोर लावला. मूठ हातात आली, पातं आतच राहिलं. विहीणबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, सुरी काढताय की दाढ?’ मग वरवंट्याचे ठोके ऐकू आले. तेलात माखला, उलटा आपटला. फणसाचं लाकूड ते, चिकाचं. धरलं ते धरलं.

शेवटी सून पडवीत आली. ‘आई, काय करायचं?’

‘उन्हात ठेव.’

‘थट्टा नको हो. आईबाबा बसलेत. कांदा कशाने चिरू?’

‘जिभेने चीर गो. तिला कधी धार लावावी लागली नाही.’

मागून दादा आला. ‘आई, फुगणार हे तुला माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘विळी कापताना तू मला विचारलंस?’

तो तसाच वळला. मग डोक्यावर गोणपाट घेऊन मागच्या परसात गेला आणि बांबू घेऊन आला. पातं तारेने आवळलेलं, तार गंजलेली, सुटेना. म्हणून अख्खा बांबूच आत घेतला. पातं स्वयंपाकघरात, बांबूचं बूड पडवीत माझ्या खुर्चीपाशी. आणि उभ्याच्या ओट्यावरची माझी सून फरशीवर फतकल मारून बसली कांदे चिरायला! दादा बांबूवर पाय रोवून. विहीणबाई पदर तोंडाला लावून.

‘आई, तेवढं बूड धर. हलतंय,’ दादा ओरडला.

धरलं. आणि बाय, कांदा पात्यावर मधोमध आला की मी बूड हळूच हलवायची.

‘आई!’

‘हात थरथरतो गो. म्हातारपण.’

शेवटी तिच्या अंगठ्याला लागलंच. हळद कुठल्या डब्यात आहे, ते मी खुर्चीतूनच सांगितलं.

पण दुसरा कांदा, तिसरा कांदा, आणि काय झालं माहीत आहे? पातं कांद्यातून उतरताना त्याची करकर बांबूतून माझ्या तळहातात येत होती. मी मांडी घालून बसायचे, तेव्हा पाटातून पायाला लागायची तीच. बाबांची धार. मला हसू येत होतं, ते कधी थांबलं कळलं नाही. कांदा एवढा लांब, तरी डोळे वाहायला लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी वाईट, म्हणून सून तिथूनच ओरडली, ‘आई, चोळू नका!’ एवढं मात्र तिच्या बाजूने सांगते.

दसऱ्यानंतर लाकूड आपोआप आकसलं, सुऱ्या सुटल्या. दादाने नवी मूठ बसवली, पुन्हा तेल लावलं, फोटो काढला आणि तुम्हाला सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, ‘आईच्या आठवणीसाठी.’ मी पडवीत जिवंत बसलेली. त्याच फोटोला तू अंगठा दिलास. पातं परत परसात उभं आहे, गंजतंय.

तर तुझ्या आईच्या विळीला करवत लागता कामा नये. ऐकतेस? डॉक्टरने जमीन नको म्हटलंय, बाकडं नको म्हटलेलं नाही. पडवीत आमचं जुनं बाकडं आहे, तेवढं अजून कुणाच्या डोळ्यात भरलेलं नाही. त्यावर विळी ठेवायची, एक पाय दुमडून पाटावर, दुखरा पाय खाली सोडायचा. मी नुसता जेवायचा पाट ठेवून बसून बघितलंय, जमतं. मग मासळीची पिशवी पुढून जायची, तर माझ्यापाशी थांबून जाईल.

घरी गेलीस की ती माळ्यावरून काढ, पात्याला फडकं नीट गुंडाळ आणि इकडे घेऊन ये. दादाला आधी कळवू नकोस, तो माप घेऊन उभा राहील. हर्णेला होड्या लागल्यात, चांगले बांगडे येतायत. तुझ्यासाठी मी माझ्या हाताने साफ करीन, पित्त न फोडता. आणि परत आलीस की विळी माझ्या हातात देऊ नकोस हां. बाकड्यावर ठेव, मी उचलीन. माझ्यात नि तुझ्यात तरी काही फाटायला नको. ये गो, लवकर ये.