वाईट बातमी सांगणारी गुल्सुनाई

गुल्सुनाईकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते आमच्या दवाखान्यातल्या एका शिबिरात. वाईट बातमी रुग्णाला कशी सांगावी, हे नर्सना शिकवायला राजधानीतून, बिश्केकहून, एक डॉक्टरीण आली होती. खोटा रुग्ण म्हणून मला, निवृत्त शिक्षिकेला, खाटेवर बसवलं होतं. मला कॅन्सर झाल्याचं गुल्सुनाईने सांगायचं होतं. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. पण माझा हात धरला तर तिचीच बोटं बर्फासारखी.

‘‘बाई, तुम्हाला... जरा अशक्तपणा आहे. हाडांचं सूप प्या.’’

सगळ्या हसल्या. ‘‘सुपाने बरी झाले तर तुझं नाव काढीन हो!’’ मी म्हटलं. ती हसली नाही.

तिची भीती मला कळत होती. आमच्याकडे मरणाची बातमीसुद्धा चार वडीलधारे जमून, आडवळणाने सांगतात. एकट्या बाईने तोंडावर सांगणं म्हणजे शाप दिल्यासारखं.

त्याच वसंतात रक्तदाबामुळे मी खरोखरच दाखल झाले. शेजारच्या खाटेवर म्हाताऱ्या बात्मा होत्या; सगळे त्यांना अपा, म्हणजे आई, म्हणत. त्यांचा थोरला मुलगा, ओस्मोन, त्या झोपल्या असताना गुल्सुनाईला दारातच दरडावत होता, तेही मला ऐकू येईल असं. ‘‘ऐका ताई, अपाच्या पोटाला सूज आहे, बस्स. दुसरं काही बोललात तर ती त्याच दिवशी मरेल, आणि ते तुमच्या माथी.’’

दुसऱ्या दिवशी सुई टोचून घेताना अपांनी तिला विचारलं, ‘‘पोरी, माझी लेक मॉस्कोत हॉटेलात भांडी घासते. आत्ता आली तर तिचं काम जाईल. पानगळीत बोलावू का?’’

गुल्सुनाई ट्रे उचलून बाहेर गेली. दाराच्या काचेतून भिंतीला टेकलेली तिची पाठ मला दिसत होती. पळाली, असं मला वाटलं. मग ती आत आली, खुर्ची ओढून बसली.

‘‘अपा, दुखण्याबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?’’

‘‘सूज म्हणे. माझ्या पोरांना खोटं बोलणं कधी जमलंय?’’

‘‘खरं ऐकायचंय?’’

‘‘म्हणून तर तुला विचारते. त्यांना विचारलं तर रडत बसतील.’’

‘‘गाठ आहे. यकृतापर्यंत गेलीय. ऑपरेशन होण्यासारखं नाही.’’ गुल्सुनाईने खुर्ची आणखी पुढे सरकवली. ‘‘पानगळीपर्यंत थांबू नका.’’

मी चादर मुठीत धरून अपांच्या छातीकडे बघत होते, वर-खाली होतेय ना म्हणून. ओस्मोनचे शब्द कानात घुमत होते.

अपांनी दुधाचा चहा मागितला, आणि फोन.

लेक चौथ्या दिवशी आली. सात आठवडे आईजवळ राहिली. जूनच्या मध्यावर अपा गेल्या.

ओस्मोनच्या घरचं कुणी गुल्सुनाईला अजून सलाम करत नाही. पण अशी बातमी सांगायची असली की डॉक्टर तिलाच बोलावतात. जाण्याआधी ती न्हाणीघरात जाऊन ओकते, तोंड धुते आणि मग जाते.