देवाकडे पाठ

मनकर्णाबाईला आराधनेला बसायचं वळण नाही, असं मी सहा महिने फादरांच्या कानी घालत होतो. मी म्हणजे सावली गावाकडच्या एका कौलारू चर्चचा धर्मशिक्षक, देवाजी मास्तर. वहीत पाळ्या लावणारा आणि चुकेल त्याला झापणारा.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की फादर पवित्र भाकर सोनेरी पात्रात घालून वेदीवर मांडायचे. आमच्यासाठी ती भाकर म्हणजे साक्षात येशू. मग फादर दुसऱ्या गावाला जायचे. संध्याकाळी ते परत येऊन ती आत ठेवीपर्यंत कुणीतरी समोर बसून राहायचंच, असा नियम. लोकांना समजावताना मी म्हणालो, "देवाले एकटं सोडाचं नाई." तिथंच घोळ झाला.

मनकर्णा ढिवराची विधवा. तळ्यात मासे धरायची आणि धान पिकलं की माळ्यावर बसून, हातात गोफण घेऊन लोकांची शेतं राखायची. तिचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता, मिस्सेला ती बाहेर ओसरीतच बसायची. पण माणसं कमी, म्हणून फादरांनी तिलाही पाळी दिली. पहिल्याच पाळीला बाई दारात बसली. तोंड बाहेर, पाठ देवाकडे.

"तोंड देवाकडे कर," मी म्हणालो.

"धानाकडे पाह्यत बसलं का राखण होते का, मास्तर? डुकरं आली त कोन पाह्यल?"

"इथी डुकरं कुठून येतील?"

"हे डुकरालेच पुसा."

लोक हसले आणि माझं डोकं फिरलं. मी दर महिन्याला ओरडायचो, ती दर महिन्याला तशीच बसायची. शेवटी मी बजावलं, आज फिरली नाहीस तर वहीतून तुझं नाव कापतो.

"उद्या कापा," ती म्हणाली. "आज माझी पाळी हाय."

तो सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातला शुक्रवार. नेमकं त्याच दिवशी तळ्यात मोठं जाळं पडलं. पाणी आटलं की वर्षातून एकदा सगळे ढिवर मिळून ते ओढतात, आणि दोर धरेल त्यालाच वाटा. पावसाळाभर पुरतील एवढे मासे त्यातून सुकवता येतात. भर दुपारी तिचा दीर नथ्थू धावत आला.

"वैनी, ऊठ! दोर धराले नाई आली त तुले वाटा नाई."

"माझी पाळी हाय."

"पावसाळ्यात खाशील काय?"

"ते मी पाह्यन. पाळी टाकून उठत नाई."

नथ्थू कपाळावर हात मारून गेला. तिच्यानंतर पाळी असलेले चैतू आणि वारलू मात्र खुशाल तळ्यावर पळाले होते. त्यांना धरून आणायला मी गेलो आणि, लपवून काय करू, स्वतःच काठावर रमलो. काय मासे होते ते! परतलो तेव्हा उन्हं कलली होती आणि माझ्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला मरळ होता.

मनकर्णा दारातच होती. ओठ कोरडे पडले होते. चार तास तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. वहीत नावं लिहिलेल्या आम्हा सगळ्यांत देवाजवळ ती एकटी राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई," मी म्हणालो, "आता तुमी आत फिरून बसा. दार मी राखतो."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "पह्यले मासा ठेवा. हात धुवून या."

मी हात धुवून आलो आणि दारात बसलो. तोंड बाहेर, पाठ देवाकडे. मागे ती सरकत सरकत वेदीपर्यंत गेल्याचं ऐकू आलं.

"मास्तर," ती म्हणाली, "एवढासाच हाय हो हा देव. मंग त राखाच लागल."